पन्हळी पत्र्याचे डबे

प्रिय अंबादास,

फोन केला असता तर तू उचलला असतास आणि मग मला बोलता आलं नसतं. म्हणून पत्र. चार महिन्यांनी पाकिटावर माझं नाव बघूनही तू ते फोडलंस, एवढं धरून चालतो.

आपल्या छोट्या आगगाडीचे सहा डबे झाले, शेवटचा गोल शेपटाचा राहिलाय. कॅलेंडरवरची ती जुनी अमेरिकन चंदेरी गाडी आपण दोघांनीही कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही, तरी तिच्यापायी आठ वर्षं घातली. मी कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात जन्मभर खरे डबे दुरुस्त केले, पण फूटभर डब्याच्या पत्र्यावर त्या बारीक पन्हळी कशा उठवायच्या हे मला सुचत नव्हतं. तू घरच्या मागाची फणी घेऊन आलास, छापखान्यातला टाकाऊ पत्रा तिच्यावर दाबलास आणि म्हणालास, "घे, झाली की तुझी अमेरिका!" त्या दिवशी मी गच्चीवरच्या खोलीची दुसरी किल्ली तुला दिली.

गेल्या दसऱ्यापासून माझं डोकं फिरलं. जेवणाच्या डब्याची एक खिडकी माझ्याकडून तिरकी बसली होती, उद्या काढू म्हणून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी बघतो तर ती सरळ. मग झोपायच्या डब्यावरची निळी पट्टी. मधे हललेली होती, दोन दिवसांत दोरी धरल्यासारखी नीट झाली. माझ्या कामाला कुणीतरी हात लावत होतं. किल्ल्या दोनच. हिचे गुडघे दुखतात, ती जिना चढत नाही. मग उरलास तू.

मी दाराच्या कडीला दोरा बांधून बघितला, तो तुटला. टेबलावर पावडर भुरभुरली, तिच्यात बोटं उमटली. नव्या पेठेत एका घड्याळवाल्याला तू मोबाईलवर आपल्या डब्यांचे फोटो दाखवत होतास, मला बघताच मोबाईल खिशात घातलास. मी मनाशी पक्कं केलं की हा माझ्या डब्यांवर स्वतःचा हात फिरवून ते स्वतःच्या नावानं कुठंतरी मांडणार. तू मधूनच विचारायचास, "एकनाथ, डॉक्टरला दाखवलंस का?" मला वाटायचं, मला म्हातारा ठरवून बाजूला सारायचा डाव आहे.

संक्रांतीला तू शेंगाची पोळी घेऊन आलास आणि हातातला तीळगूळ तसाच ठेवून मी तुला चोर म्हणालो. हिच्यासमोर. तू नुसतं "बरं" म्हणालास, किल्ली टेबलावर ठेवलीस, "वहिनी, निघतो" म्हणून चहा न घेता जिना उतरलास. ही रडत होती. तिलाही मी ओरडलो, त्याची बाजू घेऊ नकोस म्हणून.

कुलूप बदललं. आठवडाभर समाधान होतं. मग टपावरची झडपं, जी मला काही केल्या एका ओळीत बसत नव्हती, ती एका ओळीत आली. मी काय समजलो असेन? तू नव्या कुलपाचीही किल्ली करून घेतलीस. इतका मी वाया गेलो होतो, अंबादास. तुझ्या गल्लीतून दोनदा चक्कर मारली, तुझ्या खिडकीत डबे दिसतात का बघायला.

गेल्या मंगळवारी किल्ली मुद्दाम खुंटीला ठेवून बँकेत जातो असं सांगितलं आणि समोरच्या रसवंतीत बसलो. दोन ग्लास रस झाला. तुझी स्कूटर काही आली नाही. मागच्या जिन्यानं वर गेलो तर दार उघडं होतं. दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून आलेली ही, माझी शकुंतला, स्टुलावर बसली होती, नाकावर चष्मा, हातात घड्याळवाल्याचा बारीक चिमटा. सकाळी मी चिकटवलेल्या खिडक्या एकेक करून काढत होती.

ती दचकली नाही. म्हणाली, "वर्ष झालं तुमचा हात हलतोय. कपाची बशी वाजते, ती ऐकू येत नाही का तुम्हाला?" मग सगळं सांगितलं. तुझ्याकडूनच शिकली. चिमटा तूच शोधून दिलास, त्यासाठीच तू त्या घड्याळवाल्याला फोटो दाखवत होतास. आणि तिनं तुला शपथ घातली होती, यांना कळू देऊ नका, काम सुटलं तर खचतील. म्हणजे संक्रांतीला तुझ्या तोंडाशी खरं उत्तर होतं. ते तू गिळलंस आणि चोर होऊन गेलास.

माफी कशी मागतात ते मला येत नाही. पण शनिवारी अकराला मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. हृषीकेश पुण्याहून येतो म्हणाला, मी नको म्हणालो. लेकासमोर हात पुढं करून दाखवायला जमणार नाही मला. तुझ्यासमोर जमेल. तू आलास तरच जाईन, असं हिला सांगितलंय, आणि ती चिडली आहे, तरी लिहून घेते आहे. हो, हे अक्षर तिचं आहे. मी तीन कागद वाया घालवले, मग तिच्या हाती पेन दिलं. खालचं नाव तेवढं मी स्वतः लिहितो. ते नीट बघ, आणि ये.

तुझाच,
एकनाथ