नायघेत

१० जानेवारी १९५४
आज सकाळी अकराला सगळं बदललं! गुलमंडीजवळच्या वाचनालयात तात्यासाहेब वकिलांनी गोऱ्यांच्या वेळची पोस्टकार्डं मांडलीत — छावणीतले धोबी, भिस्ती, टांगेवाले. एका कार्डावर माझी आई! डोक्यावर हंडा, वय असेल सतरा. खाली इंग्रजीत छापलेलं — ‘नायघेत, पाणी वाहणारी’.

तात्यासाहेब काठी टेकवून सांगत होते, “नायघेत ही इकडची एक भटकी जमात.” लोक माना डोलवतायत. आणि द्वारका — त्यांची लेक, जिच्यासाठी मी तिथं तडमडलो — वहीत उतरवून घेतेय.

मी गर्दीतून मागच्या मागं सटकलो. थू माझ्यावर!

११ जानेवारी
आईला विचारलं. हसत सुटली. “साहेबाचा बटलर म्हणला, नाव घे. परक्या माणसापुढं धन्याचं नाव घेऊ व्हय? म्हणलं, नाय घेत! तेच लिवलं मेल्यानं.”

जमात म्हणे! ती पुढं काहीतरी सांगत होती, मी चप्पल घालून बाहेर.

तात्यासाहेबांना सगळं सांगितलं. म्हणाले, “कॉलेज अर्धवट सोडणाऱ्यानं मला इतिहास शिकवू नये. छापील पुरावा आहे.” छापील! त्या गोऱ्यानं ‘गाढव’ छापलं असतं तरी यांनी गाढवांची जमात शोधून काढली असती.

१३ जानेवारी
द्वारका जिन्यात भेटली. “बाबांचं या कार्डांवरचं पुस्तक छापायला गेलंय. आता गप्प बस ना. मी बोलते त्यांच्याशी — आपलं.”

आपलं! त्या एका शब्दावर दिवसभर तरंगलो. घरी येऊन आईला म्हणालो, जाऊ दे, कोण वाचतंय. ती पाठ फिरवून भांडी घासायला बसली.

किती हलकट आहे मी.

१५ जानेवारी
भाकरी थापता थापता आई म्हणाली, “त्या दिवशी ऐकूनच घेतलं नाहीस. वकिलाच्या पोरीला दिवाळीतच सांगितलं की मी. छावणीत कार्डं दाखवत फिरत होती. लई हसली. च्या पिऊन गेली.”

दिवाळीत!!

त्याच दिवशी, संध्याकाळ
गेलो. विचारलं. पदराशी चाळा करत म्हणाली, “जमात म्हटल्यावर पुस्तकाला वजन येतं रे.”

“आणि माझी आई?”

“त्यांना कुठं वाचता येतं?”

उठलो. बाहेर आलो. दार ओढून घेतलं.