संजयसाठी उतरवलेले वजन

२ डिसेंबर
पुण्याहून डॉक्टरांचा फोन. संजयच्या छातीतला संसर्ग ओसरलेला नाही. किडनीचे ऑपरेशन पुन्हा पुढे. त्याला, माझ्या धाकट्या भावाला, माझी किडनी जुळते, हे कायम. अट एकच: माझे वजन पंच्याऐंशीच्या वर जाऊ नये. आज ८४.२. वजन उतरवले तेव्हा समोर ऑपरेशनची तारीख होती. आता तारीख नाही.

११ डिसेंबर
शेवगावला संजयकडे. डायलिसिसहून नुकताच आलेला, झोपला होता. त्याच्या पत्नीने, सुनंदाने, पुरणपोळीवर तूप सोडले. "दादा, तुमी आमच्यासाठी एवढं करता, अन् आमच्याकडचे दोन घास न्हाई?" पानावरून उठणे शक्य नव्हते. निघताना डबाही. दर आठवड्याला येणाऱ्या डब्याखेरीज हा.

२० डिसेंबर
घोडेगाव. मी हिशेब लिहितो त्या आडतीवर कांद्याचे लिलाव आटोपल्यावर नेहमीप्रमाणे गोण्यांच्या काट्यावर उभा राहिलो. हमाल रंगनाथ: "दिवाणजी, ही गोनी लई भरली की! कुठल्या गाडीत टाकू?" सगळे हसले. मीही हसलो असावा. ८६.६. मालाच्या वजनातून बारदान, म्हणजे रिकाम्या गोणीचे वजन, वजा करतो, त्याप्रमाणे कपड्यांचे दीड किलो वजा धरले. ८५.१.

५ जानेवारी
पूर्वीपेक्षा भूक अधिक लागते. डॉ. म्हणाले, उतरलेले वजन शरीर परत मागते. हा तुमचा आळस नव्हे. ऐकून काहीच वाटले नाही. एक भाकरी, ताक, सायंकाळचे चालणे, सर्व यथास्थित. काट्यावर ८८. थंडीमुळे स्वेटर, कानटोपी, बूट. तीन किलो वजा. बरोबर पंच्याऐंशी. सौ.ला सांगितले. "अहो, स्वेटर लोकरीचा आहे की लोखंडाचा?"

६ जानेवारी
अंगावरचे सर्व कपडे, बुटांसह, काट्यावर ठेवून पाहिले. दीड किलोही भरले नाहीत. वजावट ठरवताना हे आधी करावयास हवे होते. बारदान कोणी रोज तोलत नाही, ठरलेले धरतात. मीही तसेच धरीत गेलो.

१७ जानेवारी
ऑपरेशनची तारीख मिळाली. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. आदल्या दिवशी माझी शेवटची तपासणी, वजनासह. संजय फोनवर: "दादा, झालं बाबा एकदाचं! आता घाबरू नकोस हां." घाबरलो आहे का, ते शोधून पाहिले. सापडले नाही. प्रत्यक्ष वजन ८७.३. त्याला सांगणार होतो, पण तो हसत होता.

१९ जानेवारी
सुनंदाचा फोन. रविवारी सत्यनारायण. "तुमी अन् ताई, दोघं जेवायला. खास तुमच्यासाठी साजूक तुपातला शिरा करते."
म्हणालो, "पूजेला येतो. जेवणार नाही. आणि यापुढे डबाही नको."
पलीकडे कुकरची शिटी झाली. मग अगदी हळू: "दादा, आमचं काही चुकलं का?... पुण्याला येनार ना?"
येणार, म्हणालो. खरे कारण सांगावे, तर आकडाही सांगावा लागला असता. ती अजून फोनवरच होती. मी आकडा सांगितला, "सत्त्याऐंशी. पंच्याऐंशीच्या आत हवे, म्हणून जेवण नको."