मॉडेमचा प्लग काढू नका

वहिनी,

मॉडेमचं फर्मवेअर अपडेट चालू आहे. लाल दिवा लुकलुकतोय म्हणून नेहमीसारखा प्लग काढू नका, मॉडेम कामातून जाईल.

दुपारी जहाजावरून दादाचा व्हिडिओ कॉल आला होता. मागे भोंगा वाजत होता. "इंजिनरूममध्ये पाणी शिरलंय, वहिनीला एवढ्यात सांगू नकोस," एवढं बोलला आणि चित्र तिथेच अडकलं. अडथळा आपल्याकडचा की तिकडचा, कळेना. स्पीड वाढला तर पुढचा कॉल तुटणार नाही, म्हणून हा खटाटोप.

त्याच्या कंपनीत कोणी फोन उचलत नाही, म्हणून मी तिकडे निघालोय. त्याने सांगू नको म्हटलं, पण मला एकट्याला हे पेलवत नाही. कॉल आला, तो "सगळं ठीक आहे" म्हणाला, तरी त्याला फोन ठेवू देऊ नका.