तीन पिचकाऱ्या, एक रेघ

१२ ऑक्टोबर १९६९, अमडापूर

अक्षर कापतं आहे. ट्रॅक्टरवरून उतरून दोन तास झाले तरी हातांची थरथर जात नाही. वरची ओळ दोनदा खोडली.

तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर – म्हणजे डिझेल फवारणारी पिचकारी – मागच्या महिन्यात नवा टाकला. तेव्हापासून इंजिन जास्तच हादरतं. नवा टाकून जास्त! हे मला समजत नाही, आणि न समजलेलं मला जेवू देत नाही.

दादांनी, म्हणजे वडिलांनी, आज स्पष्ट सांगितलं. हरभऱ्याच्या पेरणीआधी गाडी सुधारली तर ठीक, नाहीतर सुलतानपूरचे अर्जुनराव आहे तशी न्यायला तयार आहेत. मग मी पुन्हा शेगावला, मामांच्या लॉजवर. येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहायला. दोन वर्षं केलं ते. आता नको.

१३ ऑक्टोबर

तिन्ही इंजेक्टर एकदम बदलू म्हणालो. दादा म्हणाले, ‘एक खराब आहे त एक बदल. तिन्ही काऊन?’ तिन्ही काढून खामगावला पंपाच्या मिस्त्रींना दाखवतो.

१६ ऑक्टोबर

आज पाहिलं ते नीट लिहिलं पाहिजे.

खामगावला उत्तमराव मिस्त्रींकडे गेलो. त्यांची पंपाची खोली वेगळी, खिडक्या बंद. चपला बाहेर काढायच्या. लादी ओल्या फडक्यानं पुसलेली. धुळीचा एक कण आत गेला की पिचकारी मेली, म्हणाले.

आधी एक इंजेक्टर हातपंपाला लावून त्यांनी दांडा दाबला. टोकाला चार भोकं असतात म्हणे, मला एकही दिसेना. आणि त्यातून जे निघालं त्याला डिझेल कसं म्हणू? धुकं! धुक्याच्या चार काड्या, पुढे जाऊन फाकलेल्या. माझं बोट नकळत पुढे गेलं, तर त्यांनी हातावर फटका मारला. ‘चामडीतून रक्तात घुसते बे ते! लगन व्हायचं आहे ना तुहं?’

मग आमचे तिन्ही त्यांनी मोठ्या मशीनवर चढवले. प्रत्येकाखाली एक काचेची नळी. मशीन फिरली, नळ्यांत डिझेल चढू लागलं. दोन जुन्यांचं कमी, तेही सारखं नाही. नव्याचं सगळ्यांत वर. नव्यात खोट नव्हतीच, तो दोघांपेक्षा जास्त ओतत होता! मिस्त्री म्हणाले, ‘म्हाताऱ्या बैलासंगं गोऱ्हा जुंपता, अन् मंग इचारता नांगराचं तास वाकडं काऊन.’

नंतर कपाटातून त्यांनी जुळवलेला संच काढला. पुष्कळ तपासून त्यांतून निवडलेले तीन. किंमत दीडपट. मशीन पुन्हा फिरली. तिन्ही नळ्यांत डिझेल बरोबरीनं चढलं, बरोबरीनं थांबलं. मी खाली बसलो, डोळा काचेच्या उंचीला आणला. नळ्या तीन आणि रेघ एक. तिच्यावर अक्षर लिहावं इतकी सरळ! अंगावर काटा आला. किती वेळ पाहत बसलो कोण जाणे. मिस्त्री म्हणाले, ‘ऊठ आता, दुकान बंद करतो.’

पोलाद तेच, भोकं तीच. जास्तीचे पैसे त्या रेघेचे. दादांनी एकाचेच दिले होते, उरलेले लॉजच्या पगारातून मी घातले.

१९ ऑक्टोबर, खंडेनवमी

अवजारांची पूजा. पाने, जॅक, नांगराचा फाळ, विळे – आईनं सगळं पाटावर मांडलं. दसरा होईपर्यंत अवजार उचलायचं नाही, म्हणून इंजेक्टर परवा बसवणार.

ते मात्र मी पूजेत ठेवू दिले नाहीत. मिस्त्रींनी दोन्ही तोंडांना टोप्या घातल्या आहेत. डब्यात बंद करून फळीवर ठेवले. आई म्हणाली, ‘सारं ठेवलं, अन् ज्याच्यापायी अडून राह्यलं तेच नाही?’ मी धुळीचं सांगितलं. तिला वाईट वाटलं.

दादा ऐकत होते. ते पूजेला बसतच नाहीत. शेगावलाही आईला देवळात पाठवून स्वतः बाहेर चहा पीत थांबतात.

२१ ऑक्टोबर

बसवले. हादरतं. पूर्वीइतकंच.

दादांनी ओट्यावरून आवाज ऐकला आणि आत गेले. अर्जुनराव शुक्रवारी यायचे आहेत. ती रेघ मी डोळ्यांनी पाहिली होती. मग?

२३ ऑक्टोबर

पुन्हा खामगाव. तिसऱ्या इंजेक्टरमधून धुक्याऐवजी थेंब! मिस्त्रींनी तो खोलला. आतली सुई अडकलेली, भोवती लाल कण. त्यांनी बोटावर घेऊन वास घेतला आणि इतके हसले की स्टुलावर बसावं लागलं. ‘कुंकू आहे बे हे! तुनं त याचंच लगन लावलं!’

नळी जोडतात त्या वरच्या तोंडाला कोणी कपाळ समजून कुंकू लावलं होतं. टोपी काढून, आणि टोपी पुन्हा घालून. बसवताना तिथे लालसर तेल दिसलं होतं मला. ते मिस्त्रींचंच असेल असं वाटलं. टोप्या उलटून पाहिल्या नाहीत. मी पाहिल्या नाहीत!

तिन्ही धुऊन आणले, दिवस मावळायच्या आत बसवले. सुरू केलं. बॉनेटवर हात ठेवला – बसलेल्या म्हशीच्या पोटावर ठेवावा तसं. ऊब, आणि संथ श्वास. इतकी वर्षं हे इंजिन असं चालू शकत होतं! दीडपट काय, दुप्पट दिले असते.

जेवताना मी आईला टाकून बोललो. ती म्हणाली, ‘मी डब्याले हातच नाही लावला, बापू.’ मी विश्वास ठेवला नाही. दादांनी भाकरीवरून मान वर केली नाही. एवढंच म्हणाले, ‘आता साफ झालं ना?’

२४ ऑक्टोबर

अर्जुनराव आले नाहीत. आमच्याच वाड्यात राहणाऱ्या केसरवहिनींनी विहिरीवर सांगितलं – दादांनी त्यांना दसऱ्यालाच नाही म्हणून कळवलं होतं. त्याच पहाटे वहिनींनी दादांना फळीखाली बसलेलं पाहिलं. डबा मांडीवर, आईचा कुंकवाचा करंडा शेजारी. त्या म्हणाल्या, ‘विकायची चीज कोनी पुजते का, भाऊजी?’

आधी आईकडे गेलो, कालच्या बोलण्याची माफी मागितली. मग टोप्या उलटून पाहिल्या. आतून लाल आहेत, तशाच ठेवल्या.