दोन गाठींचं माप

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥
डिंगोरे, ता. जुन्नर
१२ ऑगस्ट १९९७

चि. सौ. हर्षाली हिस,
तुझ्या रत्नावहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडं समदी खुशाल. वन्सं, आईच्या तेराव्याला डॉक्टरनं एस्टीत बसू दिलं न्हाई म्हणून रडत बसू नकोस. आठवा लागलाय, ऐकायला पायजे. तुझ्या दादांनी समदं रीतसर केलं.

तुझी आई, माझ्या आत्याबाई, त्यांच्या नियमापरमाणं त्यांच्या गळ्याच्या मापाचा दोरा मी त्याच दिवशी नदीत सोडला. गेलेल्या बाईचं माप खुंटीवर ऱ्हायलं तर ती अर्ध्या वाटंत उभी ऱ्हाती, असं त्या सांगायच्या. माळा ओवायच्या मापांत गिऱ्हाइकांच्या दोऱ्यांना रंगीत चिंध्या, घरच्या बायकांच्या दोऱ्यांना गाठी. त्यांची एक, तुझ्या दोन, माझ्या तीन. डोळ्यांत पाणी व्हतं, बोटांनी चाचपूनच एक सोडवला आन पाण्यात टाकला. सुताचाच दोरा, पण दगड बांधल्यावानी तळाला गेला ग.

काल ओतूरच्या श्रावणी सोमवारच्या जत्रंत एकटीनंच दुकान मांडलं. ठुशा आन गळ्यातल्या पोती बऱ्या खपल्या. शेजारी कासारीण ठकूबाई म्हणाली की गाठ अगदी सासूवानी मारतीस. मी मेली तिथंच रडाया लागले. गिऱ्हाईक घाबरून पळालं.

तुझी पोत सैल झाली आसंल तर कळव. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
रत्नावहिनी


घोडेगाव, ता. आंबेगाव
२४ ऑगस्ट १९९७

ती. सौ. रत्नावहिनीस,
हर्षालीचा सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून हसले आणि रडलेही. गिऱ्हाईक पळवून लावणारी तू पहिलीच दुकानदारीण असशील.

वहिनी, एक सांगते, दादाला सांगू नकोस, तो लगेच धावत येईल. तेराव्याच्या दिवशी मी इथे सोप्यात बसले होते आणि एकदम पाय गार पडले, घोट्यापर्यंत पाण्यात उभी असल्यासारखे. खाली बघितलं तर जमीन कोरडी. दोन दिवसांनी तो गारवा गुडघ्यापर्यंत आला. आता कमरेला आलाय. पोटातलं बाळ सारखं हलायचं, ते आता त्या गारव्यात गप्प बसून असतं. डॉक्टर म्हणतात ठोके चांगले आहेत, सगळं ठीक आहे. सासूबाई म्हणतात की पहिलटकरणीला असले भास होतात. सरूबाईंसारखी सासू मिळायला नशीब लागतं, दिवसातून तीनदा गरम विटेनं पाय शेकतात. पण शेक वरच राहतो, आत पोहोचतच नाही.

आणि आईनं ओवलेली पोत रोज सैल होतेय. मणी तेवढेच आहेत, मी मोजले. मला फार भीती वाटते ग.

दादाला नमस्कार. मला विसरू नका एवढंच मागणं.
तुमची,
हर्षाली


डिंगोरे
५ सप्टेंबर १९९७

चि. सौ. हर्षाली हिस,
अनेक आशीर्वाद. पत्र वाचल्यापास्नं घास गोड लागत न्हाई. मी भैरोबाला नारळ बोलले. पोत काढून धाड, दोन दिवसांत आवळून देते. तवर गळा मोकळा ठेवू नकोस, हळकुंड बांध.

काल ओतूरच्या बाजारात एक ईपरीत घडलं. भर दुपारी एक म्हातारी पुढ्यात येऊन बसली. पदर नाकापर्यंत ओढलेला, आन लुगडं छातीपर्यंत ओलंचिंब. गेले चार दिवस इकडं पावसाचा टिपूस न्हाई. तिनं मापाचा दोरा पुढं केला आन म्हणाली की ह्या मापाची लाल मण्यांची माळ कर. आजारी पोरांच्या गळ्यात आत्याबाई बांधायच्या, तसली. मी इचारलं की माळ कुणाला, तर म्हणाली की जित्या बाईला, आन उशीर करू नकोस. दोरा हातात घेतला तर बर्फावानी गार. मी मणी काढायला खाली वाकले, वर बघते तर कुणीच न्हाई. ठकूबाई म्हणती की सकाळपास्नं तुझ्याकडं म्हातारी फिरकलीच न्हाई. पण मी बसले तिथं पुढची माती भिजलेली व्हती, ती ठकूबाईनं बी बघितली.

दोरा तसाच डब्यात हाय, अजून वाळला न्हाई. त्याला दोन गाठी हायेत. कुठल्या गावची पद्धत म्हणायची?

पोट सांभाळ. उलटटपाली कळव, तवर माझा जीव थाऱ्यावर न्हाई.
रत्नावहिनी


घोडेगाव
१२ सप्टेंबर १९९७

वहिनी,
नमस्कार. पडूनच लिहितेय, अक्षर लावून घे. पाणी छातीला आलंय. श्वास घेताना नदीचा वास येतो.

दोन गाठी माझ्या. तूच पहिल्या पत्रात लिहिलंस. खुंटीवरचा घरचा झुपका उतरव आणि डोळ्यांनी बघ. तिथे काय राहिलंय ते मला खरं खरं लिही.
हर्षाली


डिंगोरे
१६ सप्टेंबर १९९७

माझ्या लाडक्या हर्षाली,
बघितलं. खुंटीवर माझा तीन गाठींचा हाय, आन एक गाठीचा हाय. दोन गाठींचा न्हाई. मी आत्याबाईंच्या जागी तुला सोडून आले, बाई. जिती असताना तुला पाण्यात घातलं. मला जोड्यानं हाण. फ्रॉकात व्हतीस तवापास्नं तुझी वेणी घातली, आन त्याच हातांनी हे केलं.

म्हातारीचं तोंड मी बघितलं न्हाई, पण आता कळलं. नियमापरमाणं मी त्यांना सोडलं न्हाई, म्हणून त्या अर्ध्या वाटंत, पाण्यातच उभ्या ऱ्हायल्या. आन तिथं तुझा दोरा त्यांच्या पायाशी आला. तो उचलून त्या मला परत द्यायला आल्या. मला एका शब्दानं रागावल्या न्हाईत ग.

दोरा मी चुलीच्या वैलाच्या धगीवर धरून वाळवला. तीन तास लागले. त्याच मापावर लाल मणी ओवले, दर मण्याला तुझं नाव घेतलं. तुझे दादा आजच पहिल्या एस्टीनं माळ आन हे पत्र घेऊन निघतायत. उंबऱ्यातच गळ्यात घाल. दोरा परत खुंटीवर टांगलाय.

आता आत्याबाईंचं माप सोडाया पायजे. पण ते सोडलं की त्या परत यायच्या न्हाईत. मला धीर होत न्हाई. आई तुझी हाय, तू सांगशील तसं.

केलं ते पोटात घाल.
रत्नावहिनी


घोडेगाव
२५ सप्टेंबर १९९७

ती. सौ. रत्नावहिनीस,
सा. न. वि. वि. दादानं उंबऱ्यातच माळ दिली. घातली आणि पाणी उतरायला लागलं. चौथ्या दिवशी तळपाय कोरडे. बाळ आता अशा लाथा मारतं की सासूबाई म्हणतात, पहिलवान येणार. काल दोन भाकरी खाल्ल्या. जोड्यानं बिड्यानं हाणायचं काढू नकोस, पुढच्या जत्रेत मला ठुशी फुकट दे म्हणजे झालं.

आईचं चार दिवस मनात घोळवलं. खरं सांगू, आधी वाटलं की ठेव दोरा. बाळ घेऊन मी डिंगोऱ्याला येईन, तिला एकदा नातवंड दिसेल, मग सोडू. मग आठवलं की ते पाणी कसं लागतं. मी सव्वा महिना सोसलं आणि वेडी व्हायची बाकी होते. ती अजून त्यातच उभी आहे.

सर्वपित्रीला सोड, वहिनी. गाठ नीट बघून सोड. माझं बाळ तिनं बघितलं नाही, एवढं मात्र मला जन्मभर लागून राहील.

तुझीच,
हर्षाली


डिंगोरे
१ ऑक्टोबर १९९७, सर्वपित्री

चि. सौ. हर्षाली हिस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. बाळंतपणाची अजून काही बातमी न्हाई, पण आज थांबवत न्हाई म्हणून लिहिते.

सकाळी आंघोळ करून दोरा सोडायला खुंटीपाशी गेले. तुझा दोन गाठींचा हाय. माझा तीन गाठींचा हाय. एक गाठीचा न्हाई. समदं घर झाडून काढलं, तुझ्या दादांनी पेटीखाली बघितलं. न्हाईच. त्यांचा त्या घेऊन गेल्या, माझ्या हातावर परत इसंबल्या न्हाईत. हसू बी आलं आन रडू बी.

पण त्या जागी एक नवा दोरा टांगलाय. इवलासा, माझ्या मनगटाभोवती बसंल एवढा. गाठ त्यांचीच, ती मला अंधारात बी कळंल. मोजल्या तर चार. आन हर्षाली, ह्या खेपेला दोरा कोरडा खडखडीत व्हता.

मी लाल मणी ओवाया बसलेय. पोरगी झाली की कळव. माप धाडू नकोस, आलंय.

तुला आन तिला माझे आशीर्वाद.
रत्नावहिनी