गणितातला ‘क’

लीड्स, ५ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबांस,
शर्मिष्ठेचा शि. सा. न. वि. वि.

मेलसुद्धा पत्रासारखी हवी म्हणालात, म्हणून ही सगळी तयारी. गुडघा कसा आहे? तेल लावता की बाटलीकडे नुसते बघता?

माझं गणित म्हणतं, एका मताने निकाल बदलत नाही, मग दगदग करून कुणी मतदानाला जाणारच नाही. लोक तर जातात! म्हणून त्यात ‘क’ घालतात, कर्तव्याचा. हे खऱ्या माणसांना लागू पडतं का, ते तपासायचं, हाच माझा प्रबंध. नमुन्यादाखल तुम्हाला विचारलं, तर तुम्ही लिहिलंत, एकदाही चुकवलं नाही. मी तुमच्या नावापुढे ‘क’ लिहून मोकळी झाले. यंदा तर केंद्र शाळेतून आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये आलंय. दगदग शून्य. तुम्ही जाणारच, असं गणित छातीठोक सांगतं.

मेमध्ये यायचं मात्र जमेलसं वाटत नाही. रागावू नका हं.

तुमची,
शर्मिष्ठा

मुलुंड, १७ जानेवारी

चि. शर्मिष्ठास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गणिताची मी वाट लावली गं. परवा मत दिलंच नाही. बोट कोरं आहे.

आजवरचं केंद्र म्हणजे तुझा चौथी ‘ब’चा वर्ग. मशीन ठेवायचे ते खिडकीजवळच्या तुझ्याच बाकावर. तू कर्कटकाने कोरलेला ‘श’ अजून तिथे आहे. त्यापायी तुझ्या बाईंची बोलणी मी खाल्ली होती. बटण दाबण्याआधी त्यावरून बोट फिरवायचो. बटण सापडत नाही का, असं मागच्या वेळी अधिकाऱ्यांनी विचारलंही.

परवा हॉलपर्यंत उतरलो, रांग पाहिली आणि पाय शाळेकडेच वळले. फाटकाला कुलूप. शिपाई गुणाजी म्हणाले, आज सुट्टी. तिथेच कट्ट्यावर बसून राहिलो. परतलो तेव्हा मतदान संपलं होतं.

तुझी आई गेल्यापासून तुझी फार आठवण येते. तो ‘क’ खोड आणि ‘श’ लिही.

तुझे,
बाबा

लीड्स, १८ जानेवारी

ति. बाबांस,
सा. न.

‘क’ खोडला. ‘श’ म्हणजे काय, असं माझ्या प्रबंधाच्या सरांनी विचारलं आणि मला रडूच आलं.

मेचं तिकीट काढलंय. तेव्हा शाळेला सुट्टी असेल, म्हणून गुणाजींना आत्ताच सांगून ठेवा. त्या बाकावर आपल्या दोघांना बसायचंय.

गुडघ्याला तेल लावा. लोभ मेपर्यंत राखून ठेवा.

तुमची,
श