सोमवारची इंग्रजी मीटिंग

३ मार्च, सोमवार
ओतशाळेतल्या बंधूंनो, आपल्याच भट्टीसमोर उभं राहून परक्या भाषेतले हुकूम आपण किती दिवस ऐकायचे? (हे उद्याच्या गेटसभेसाठी. टाळ्या इथे.)
कंपनी परदेशी मालकाने घेतल्यापासून दर सोमवारी स्क्रीनवर मीटिंग असते, सगळी इंग्रजीत. चाळीस कामगारांचा प्रतिनिधी म्हणून मी बसतो. एचआर मॅनेजर म्हणाला, दुभाष्या देऊ का. नको म्हटलं. पुढाऱ्याने कुबड्या घेऊन चालायचं नसतं.
संकल्प: तीस दिवसांत इंग्रजी. डिक्शनरी माळ्यावरून काढली.

४ मार्च
सभा गाजली. पहिल्याच वाक्याला टाळ्या, सवयीप्रमाणे. घसा बसला, म्हणून डिक्शनरी उद्यापासून.

१० मार्च, सोमवार
मीटिंग चाळीस मिनिटं. योग्य जागी मान हलवली. शेवटी सगळे माझ्याकडे बघत थांबले. मी ठणकावून म्हटलं, नो प्रॉब्लेम. स्क्रीनपलीकडच्या बाईंनी लिहून घेतलं. हसल्या नाहीत.
मॅनेजरने जाताना पुन्हा सांगितलं, मीटिंगचा वृत्तांत मेलवर येईल, सात दिवसांत हरकत आली नाही तर मान्य धरतात. म्हटलं, नियम मला पाठ आहेत.

११ मार्च
मेल आला. अकरा पानं. लेक म्हणाली, बाबा, द्या इकडे, दहा मिनिटांत सांगते. म्हटलं, बापाला शिकवू नकोस. त्यावर हिने स्वयंपाकघरातून विचारलं, पोरीकडून ऐकलं तर नाक कापलं जाणार आहे का तुमचं. असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.
मेलला दिलं. ‘थँक्स’.

१७ मार्च, सोमवार
दोन अनोळखी माणसं शेडमध्ये टेप लावून मोजत होती. मोठ्या भट्टीवर पिवळं स्टिकर, त्यावर आकडा १. साचे करणारे नाना म्हणाले, दादा, हे काय चाललंय? सांगितलं, विस्तार. नाना म्हणाले, मग माणसं का नाही मोजत?
नानांचा स्वभावच संशयी.
आजच्या मीटिंगमध्ये दोनदा नो प्रॉब्लेम. उच्चार सुधारतोय.

१८ मार्च
सातवा दिवस. लेकीने पुन्हा विचारलं. म्हटलं, रविवारी निवांत बसू.

२० मार्च
स्टिकर सव्वीसपर्यंत पोचले. हजेरीचा फळा भिंतीवरून गेला. नवा येणार असावा. मोठी भट्टी आज पेटवलीच नाही. एवढ्या वर्षांत शेडमध्ये पहिल्यांदाच गार वाटलं. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. नाना आपली हत्यारं फडक्यात बांधून घरी नेत होते. त्यांना म्हटलं, नाना, मी असताना भिता कशाला? ते गाठ मारत राहिले.
डिक्शनरी: ‘अ‍ॅबॅन्डन’पर्यंत.

२३ मार्च, रविवार
पाहुणे आले. वाचन राहिलं.

२४ मार्च, सोमवार
मीटिंग झाली नाही. मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. भट्ट्या परदेशातल्या कारखान्यात जाणार. ओतशाळा ३१ तारखेला बंद. टेबलावर मूठ आपटून विचारलं, कामगारांना विचारलंत का? त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझं नाव, तारीख, नो प्रॉब्लेम. खाली माझं ‘थँक्स’.
घरी येऊन लेकीला अकरा पानं दिली. नऊ मिनिटं लागली तिला. चौथ्या पानावर ती थांबली आणि हळू आवाजात वाचलं: प्रतिनिधीने हरकत घेतल्यास कामगारांना इतर विभागांत सामावून घेतल्याशिवाय ओतशाळा बंद करता येणार नाही. हरकत कोणत्याही भाषेत लिहिलेली चालेल.
कोणत्याही भाषेत. हिने जेवायला वाढलं.

२५ मार्च
नोटीस मराठीत करून झाली आहे. मॅनेजर म्हणाला, उद्या दहाला गेटवर तुम्हीच वाचा, आवाज तुमचाच पोचतो. नाही म्हणायला तोंड उघडलं. निघालं, नो प्रॉब्लेम.
बंधूंनो, आजवर तुमच्याकडे पुष्कळ मागितलं. उद्या एकच मागतो. माझं पहिलं वाक्य संपेल तेव्हा हात खालीच ठेवा. टाळ्या वाजवू नका.